सॉरी म्हणणारे बॉक्सर

पुण्या-मुंबईतल्या बॉक्सिंग क्लासांना सकाळी सहाच्या बॅचला हल्ली जी मंडळी दिसतात, त्यांना पाहून कोणी मुष्टियोद्धा म्हणणार नाही. सॉफ्टवेअर कंपनीतला टीम लीडर, बँकेतल्या बाई, लेक बारावी पार झाल्यावर जरा मोकळी झालेली आई, नुकतीच शुगर निघालेला चाळिशीचा गृहस्थ. लोकलमध्ये दुसऱ्याचा पाय आपल्या पायावर पडला तरी स्वतःच ‘सॉरी’ म्हणणारी ही माणसं. 2008मध्ये विजेंदरने बीजिंगला आणि 2012मध्ये मेरी कोमने लंडनला पदक घेतलं, तेव्हा यांनी टीव्हीसमोर टाळ्या वाजवल्या होत्या. आता ती स्वतः ग्लोव्हज घालून उभी आहेत. यात हसण्यासारखं काही नाही. उलट, आपल्याकडे तिशीनंतर खेळ म्हणजे गॅलरीतून बघायची गोष्ट, ही समजूत कोणी मोडत असेल तर त्याचं स्वागतच करायला हवं.

पण हे लोक तिथे नेमकं काय शिकतात, ते जाहिरातींत येत नाही. पहिले काही दिवस हाताला बँडेज बांधण्यातच जातात. साडेचार मीटरची पट्टी. तिचा फास अंगठ्यात अडकवायचा, मनगटाला वेढे द्यायचे, मग मुठीच्या हाडांवरून, मग एकेका बोटाच्या बेचक्यातून काढत पुन्हा मनगटावर आणायची. नवशिक्याची पट्टी हमखास सैल तरी होते, नाही तर बोटं निळी पडेपर्यंत आवळली जाते. त्यानंतर उभं राहणं. डावा पाय पुढे, उजवी टाच किंचित उचललेली, हनुवटी छातीकडे, दोन्ही मुठी गालाशी. ऑफिसात बारा तास बसणाऱ्याला कळतं, की आपल्याला साधं उभंही राहता येत नाही. अॅमेच्युअर बॉक्सिंगचा राउंड तीन मिनिटांचा असतो आणि असे तीन राउंड. तीन मिनिटं म्हणजे कटिंग चहाला लागतो तेवढा वेळ, असं ज्याला वाटतं त्याचे हात दुसऱ्याच मिनिटाला कमरेशी येतात.

खरी गंमत जोडीने सराव, म्हणजे स्पारिंग, सुरू होतो तेव्हा. हलकासा जॅब समोरच्याच्या गालाला लागतो आणि मारणाराच दचकून म्हणतो, ‘‘सॉरी, सॉरी! लागलं का?’’ त्या क्षणी त्याचे हात खाली आलेले असतात. समोरच्याने ती संधी साधावी, तर तोही म्हणतो, ‘‘नाही, नाही, ठीक आहे.’’ सर मागून ओरडतात, ‘‘अरे, सॉरी नंतर, गार्ड वर!’’ ही सवय सुटायला कित्येक आठवडे जातात. त्याहून हट्टी सवय डोळ्यांची. ठोसा येताना दिसला की ते मिटतातच. डोळे उघडे ठेवून येणारा ठोसा बघत राहणं, हे या खेळातलं पहिलं शिक्षण. मारणं त्यानंतरचं.

म्हणूनच ‘बॉसवरचा राग बॅगवर काढा’ छापाच्या जाहिराती वाचल्या, की त्या लिहिणाऱ्याने कधी ग्लोव्हज घातले असतील का, असा प्रश्न पडतो. रागावलेला माणूस श्वास रोखतो, हात लांबून फिरवतो आणि मिनिटभरात धापा टाकतो. रिंगमध्ये त्याच्याइतकं सोपं गिऱ्हाईक दुसरं नाही. स्त्रियांना ‘स्वसंरक्षण’ म्हणून हा खेळ विकणंही तितकंच उथळ. इथे समोर आपल्याच वजनाची एकच व्यक्ती असते, हातात ग्लोव्हज असतात, मध्ये पंच असतो, कमरेखाली मारायला बंदी असते. अंधाऱ्या गल्लीत यातलं काहीच नसतं. मात्र लहानपणापासून ‘मुलीच्या जातीने हात उचलू नये’ हे ऐकत आलेल्या बाईला एक ठोसा खाऊनही आपण उभ्या आहोत, हे कळणं ही काही छोटी कमाई नव्हे. तेवढं प्रामाणिकपणे सांगितलं तरी पुष्कळ झालं.

याच हॉलच्या दुसऱ्या कोपऱ्यात वेगळीच बॅच चालू असते. तिथल्या पोरांना बॉक्सिंग ही हौस परवडत नाही. राज्य सरकारी नोकऱ्यांतलं पाच टक्के खेळाडू आरक्षण, लष्कर, पोलीस, रेल्वे यांवर त्यांचा डोळा असतो. पुण्यात आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट आहे, अकोल्यात बॉक्सिंगची क्रीडा प्रबोधिनी आहे, आणि नागपूरच्या अल्फिया पठाणने 2021मध्ये पोलंडमध्ये युवा जागतिक सुवर्णपदक जिंकल्यापासून मुलींच्या घरच्यांचा विरोधही थोडा मवाळ झाला असावा. हौशी मंडळींनी निऑन दिव्यांच्या, ढणढण गाण्यांच्या जिममध्ये नुसती बॅग बडवण्यापेक्षा अशा ठिकाणी जावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. फी तिथे भरली, तर तिच्यातून एखाद्या पोराचे ग्लोव्हज येतात. शिवाय पंधरा वर्षांची मुलगी आपल्या दुप्पट वेगाने दोरी मारताना रोज बघणं हे टीम लीडरच्या प्रकृतीला चांगलं असतं.

इथवर सगळं गोड. चिंता वाटते ती पुढच्या पायरीची. न्यूयॉर्कच्या ग्लीसन्स जिममध्ये 1980च्या दशकात वकील, दलाल, डॉक्टर अशा पांढरपेशांच्या लढती सुरू झाल्या आणि ते लोण ब्रिटनमध्ये जोरात पसरलं. आठ-दहा आठवडे शिकायचं, मग सूटबूट घातलेल्या प्रेक्षकांसमोर रिंगमध्ये उतरायचं. 2014मध्ये नॉटिंगहॅमला अशाच एका लढतीनंतर 32 वर्षांच्या तरुणाचा मृत्यू झाला. आपल्याकडे 2022मध्ये बेंगळुरूच्या किकबॉक्सिंग स्पर्धेत 23 वर्षांचा मुलगा रिंगमध्ये कोसळला आणि गेला. तिथे वैद्यकीय सोय धड नव्हती, अशी त्याच्या घरच्यांची तक्रार होती. खेळ वेगळा, पण निष्काळजीपणाची जात तीच. ‘कॉर्पोरेट फाइट नाइट’ची टूम आपल्या शहरांत रुजण्याआधी आयोजकांना डॉक्टर आणि रुग्णवाहिका सक्तीची करा, हे सांगायला कोणाच्या मृत्यूची वाट बघायची गरज नाही.

रोजच्या क्लासातला धोका याहून शांत असतो. हेडगार्डने भुवई फुटायची वाचते. कवटीच्या आत मेंदूला बसणारा हिसका त्याने थांबत नाही. ऑलिंपिकमध्ये पुरुषांचं हेडगार्ड 2016पासून निघालं ते उगाच नाही. अधिकृत स्पर्धेत डोक्याला मार बसून नॉकआउट झालेल्या बॉक्सरला किमान 30 दिवस रिंगमध्ये उतरू देत नाहीत. आमचा हौशी गडी मात्र शनिवारी डोक्यावर दणका खातो, रविवारी डोकं दुखतं म्हणून गोळी घेतो आणि ‘माघार घ्यायची नाही’ म्हणत सोमवारी पुन्हा हजर. हा पराक्रम नव्हे. त्याला घरी पाठवत नाही, तो प्रशिक्षकही प्रशिक्षक नव्हे.

तेव्हा नाव नोंदवायला निघालेल्यांना एवढंच सांगणं. फी भरण्याआधी एक दिवस कोपऱ्यात बसून क्लास बघा. सर ‘मार, मार’ किती वेळा ओरडतात ते मोजू नका, ‘थांब’ किती वेळा म्हणतात ते मोजा. आणि जिथे पहिल्याच महिन्यात डोक्यावर स्पारिंग लावतात, तिथे भरलेले पैसे बुडाले तरी चालतील, दुसऱ्या दिवशी जाऊ नका.