पाठीकडचा आवाज

वापरलेले बायपोलर स्पीकर विकत घ्यावयास निघणाऱ्याने पैशांच्या आधी खिशात एक पेन्सिल सेल घालावा, हे माझे म्हणणे गेल्या पावसाळ्यात या स्तंभातून छापून आले, तेव्हा ज्या सुज्ञ वाचकांनी मला विनोदी लेखकांच्या पंक्तीस बसविले, त्यांत आमचे स्नेही भाऊसाहेब अग्रभागी होते. आणि महसूल खात्यात हयात घालवलेल्या, दस्तऐवजावरील शाई पाहून त्याची उमर सांगणाऱ्या याच गृहस्थांनी या आठवड्यात मला घरी बोलावून, चहा येण्यापूर्वीच, त्या सेलाची चौकशी केली, याचा आनंद लपविण्याइतका मी थोर नाही.

मामला असा होता की, परदेशातून बिऱ्हाड हलवून आलेल्या एका कुटुंबाकडून त्यांनी खरेदी केलेली कमरेइतक्या उंचीची जोडी उजव्या अंगाला भरदार आणि डाव्या अंगाला अशक्त वाजत होती. त्यावर उपाय म्हणून भाऊसाहेबांनी दोन्ही स्पीकर भिंतीला टेकविले. त्यायोगे धडधाकट स्पीकर घुमू लागला आणि दुबळा होता तसाच राहिला. मग कुणा जाणत्याच्या सल्ल्याने त्यांनी मनगटाएवढ्या जाड तारा आणल्या. तारांविषयीची माझी मते वाचकांना पाठ असल्यामुळे ती येथे पुन्हा मांडीत नाही. एवढेच म्हणतो की, ज्या वस्तूची किंमत तिच्या वेष्टनाबरोबर वाढते, ती कानासाठी नसून डोळ्यांसाठी असते.

बायपोलर आणि डायपोल या दोन कुळांची बाजारात सर्रास गल्लत होते, आणि विकणाऱ्यास विचारावे तर तो ‘दोन्ही एकच, साहेब’ असा निर्वाळा देऊन मोकळा होतो. पुढे आणि मागे, दोन्हीकडे आवाज फेकणे एवढेच त्यांच्यातील साम्य. पीटर वॉकर यांचा 1957 सालचा क्वाड इलेक्ट्रोस्टॅटिक हा डायपोलचा आद्य नमुना मानावयास हरकत नाही: त्यातील ताणलेला पातळ पडदा पुढे सरकला की समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी पाठीमागची विरळ होते, म्हणजे पुढच्या आणि मागच्या लहरी एकमेकींच्या उलट निघतात, आणि जेथे त्यांची गाठ पडते तेथे, म्हणजे नेमक्या दोन्ही कडांना, त्या परस्परांचा नाश करतात. अशा स्पीकरच्या कडेला उभे राहिल्यास गाणारा खोलीतून उठून गेल्यासारखा वाटतो. आणि खर्जाच्या लांब लहरी तर कडेवरून वळून पाठीमागच्यांना भेटतात व बव्हंशी तेथेच निमतात. बायपोलरची तऱ्हा याच्या नेमकी विरुद्ध. 1980 च्या दशकाच्या अखेरीस कॅनडातील मिराजने काढलेला एम-1 काय, किंवा 1990 मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या डेफिनिटिव्ह टेक्नॉलॉजीचे बीपी मालिकेतील उंच खांब काय, त्यांत पुढचे आणि मागचे कोन एकाच वेळी बाहेर येतात व एकाच वेळी आत जातात, जणू पेटी श्वासोच्छ्वास करीत आहे. कडांना नाश होत नाही, आणि साध्या एकमुखी पेटीत खालचे स्वर पाठीमागे वळून गेल्यामुळे आवाजाला जो पोकळपणा येतो, तो मागचा संच भरून काढतो. एकाचा आवाज इंग्रजी आठच्या आकड्यासारखा पसरतो, तर दुसऱ्याचा सभोवार. एवढा स्वभावभेद, पण तो अवलंबून कशावर, तर पाठीमागच्या कोनाला जोडलेल्या दोन तारांवर! त्या उलट्या लागल्या की बायपोलर हा नावापुरता बायपोलर उरतो. आणि दोन्ही संचांची पेटीतील हवा सामाईक असेल तर अधिकच दुर्दशा, कारण एक कोन बाहेर येतो तेव्हा दुसरा आत जातो, हवा पेटीतल्या पेटीत येरझाऱ्या घालते, आणि खर्ज जन्मतच नाही.

यासाठी तो सेल. या जातीच्या पुष्कळशा स्पीकरांना वरपासून खालपर्यंत काळ्या कापडाचा अंगरखा असतो, म्हणून घेणारा बहुधा कोनांचे मुखावलोकन न करताच व्यवहार पुरा करतो. वरचे झाकण काढून तो खाली ओढावा, एकाने पुढे व एकाने मागे बसावे, आणि दीड व्होल्टच्या सेलाचे धन टोक लाल खुंटीस व ऋण टोक काळ्या खुंटीस क्षणभर टेकवावे. वूफर दोन्हीकडे बाहेर उसळले पाहिजेत. भाऊसाहेबांच्या डाव्या स्पीकरवर हा प्रयोग करताना समोर मी होतो आणि पाठीमागे त्यांचा नातू. ‘आजोबा, हा तर आत गेला!’ ही त्या बालकाची साक्ष कोणत्याही कचेरीत ग्राह्य धरली गेली असती. पूर्वी केव्हा तरी मागच्या वूफरची कड बदलली गेली असावी आणि कारागिराने तारा उलट जोडून दिल्या असाव्यात, कारण त्या एकाच वूफरची कड नवी होती. आपल्या दमट हवेत फोमची कड कालांतराने भुसभुशीत होऊन झडते. म्हणून ती बोटाने चाचपावी, कोन चहूबाजूंनी समान दाबून आत खरखर होते का ते ऐकावे, आणि केसरबाईंची एखादी जुनी एकमार्गी ध्वनिमुद्रिका दोन्ही स्पीकरांवर आळीपाळीने वाजवून पाहावी, कारण तेथे दोघांच्या साक्षीत तफावत पडावयास कारणच नसते.

भिंतीचा प्रश्न मात्र सेलाने सुटत नाही. स्पीकरची पाठ भिंतीपासून 1 मीटर असेल, तर मागचा आवाज भिंतीस लागून परतताना 2 मीटर अधिक चालतो, म्हणजे पुढच्या आवाजानंतर सुमारे 6 सहस्रांश सेकंदांनी येतो, आणि एवढ्या अवधीत कान त्याला निराळा न मानता खोलीच्या ऐसपैसपणाच्या खाती जमा करतो; हेल्मुट हास यांनी 1949 मध्ये दाखविले की, सुमारे 30 सहस्रांशांपर्यंत उशिरा आलेला पडसाद मूळ आवाजातच मिसळून जातो व दिशा पहिल्याचीच ठरते. पण हेच अंतर वीतभर ठेवले की पडसाद इतका लगोलग येतो की काही स्वर दुणावतात, काही खोडले जातात, आणि गायकाला बारमाही पडसे झाल्यासारखे वाटते. आठ कोन पाठीला व एकच पुढे असलेल्या बोसच्या 901 ने 1968 पासून भिंतीशी जी सलगी केली, तिचा दाखला येथे लागू नाही. आणि चित्रपटासाठी बाजूच्या भिंतींवर टांगावयाचे तिरक्या तोंडांचे छोटे बायपोलर ही तर वेगळीच जमात.

एक मीटर जागा म्हटले की मराठी दिवाणखान्यात एकदम वहिवाटीचा दावा उभा राहतो. सोफा हे कूळ, आणि त्याला बेदखल करणे कूळकायद्यानंतरच्या जमीनदारासही साधले नसते. या अवस्थेचा दोष मी गृहसजावटकारांना देतो. भिंतभर पसरलेले दूरचित्रवाणीचे फडताळ, त्याला कोनाडे, कोनाड्यांत दिवे, दिव्यांखाली प्लास्टिकची फुले: या एका वस्तूने मराठी घरातील जितके गाणे मारले, तितके रेडिओ बंद पडल्यानेही मेले नसेल. पुरावा मागू नये. माझ्या परिचयाचे चार दिवाणखाने मला पुरेसे आहेत.

भाऊसाहेबांनी अखेर सोफा खिडकीकडे वळविण्यास तहहयात नव्हे तरी दिवाळीपर्यंत मंजुरी दिली आहे. तारांची आता गरज उरली नाही, म्हणून त्या परत करण्यास ते पावतीसह दुकानात गेले. एकदा वाकविलेली तार परत घेण्याचा रिवाज नाही, असे त्यांना तेथे सांगण्यात आले.