पुढच्या वेळी

मराठीच्या प्राध्यापकाला काय आवडावे याचे काही अलिखित नियम आहेत. ज्ञानेश्वरी आवडावी, नाट्यसंगीत आवडावे, भावगीतांना हरकत नाही. इंग्रजी गाणी मात्र शक्यतो आवडू नयेत. आणि आवडलीच, तर चारचौघांत त्याची वाच्यता करू नये. हा नियम मी चोवीस वर्षे इमानेइतबारे पाळला. आज दिवाळीचा मुहूर्त साधून, अभ्यंगस्नानाने शुद्ध झालेल्या वाचकांपुढे कबुली देऊन टाकतो. कोल्डप्ले नावाचा एक इंग्रजी बँड मला २००१ सालापासून आवडतो, आणि २०२५ च्या १८ जानेवारीला, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, मी तो नव्या मुंबईच्या स्टेडियमवर जाऊन ऐकून आलो.

घरून निघताना आईने विचारलेच, "कुठं निघालास?"

"नव्या मुंबईला. एक बँड यायचाय, तो ऐकायला."

"बँड?" आई म्हणाली, "अरे, पौष चालू आहे. पौषात कुणी लग्न काढलंय?"

आमची सौ. तोंडाला पदर लावून आत गेली. मीही खुलासा केला नाही. कारण खुलासा करायचा तर तो २००१ सालापासून करावा लागला असता.

त्या साली मी एम. ए. करीत होतो आणि सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात, माडीवरच्या खोलीत कॉट बेसिसवर राहत होतो. दुसऱ्या कॉटवर सांगलीकडचा एक मुलगा होता. तो अभियांत्रिकीचा विद्यार्थी, मी मराठीचा. आमच्यात समान असे काहीच नव्हते. फक्त खोलीचे भाडे समान वाटून घेत होतो. एके दिवशी मेसच्या पैशांतून त्याने एक कॅसेट आणली. 'पॅराशूट्स' हे तिचे नाव. काळ्या पार्श्वभूमीवर पिवळा उजळलेला पृथ्वीचा गोल, एवढेच मुखपृष्ठ. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात भेटलेल्या चार विद्यार्थ्यांनी २००० साली काढलेली ही पहिलीच पूर्ण ध्वनिमुद्रिका.

खाली घरमालक रेडिओवर नाट्यपदे लावून बसत, त्यामुळे वर टेप मोठ्याने लावण्याची सोय नव्हती. वॉकमन एक आणि कानात घालायची तारही एकच. म्हणून डावा कान त्याचा, उजवा कान माझा, अशी वाटणी झाली. रात्री दिवा घालवून दोन कॉटांच्या मध्ये, जमिनीवर, भिंतीला टेकून आम्ही बसत असू. आता गंमत अशी, की असल्या ध्वनिमुद्रणात डाव्या कानाला काही वाद्ये ऐकू येतात आणि उजव्याला काही निराळीच. पुढे कितीतरी वर्षांनी, नोकरी लागल्यावर, मी दोन्ही कानांनी ती गाणी ऐकली तेव्हा दचकलो. जे गाणे मला तोंडपाठ होते ते मी आजवर अर्धेच ऐकले होते! उरलेले अर्धे त्याच्याकडे होते.

त्यातले 'यलो' हे गाणे त्याचे विशेष लाडके. त्याच्या चित्रफितीत समुद्रकिनाऱ्यावरच्या पावसात गायक एकटाच चालताना दिसतो. मी एकदा म्हटले, "बाकीचे तिघे कुठे गेले?" तेव्हा त्याने कुठल्याशा मासिकात वाचलेली हकीगत सांगितली. चित्रीकरण चौघांचेच व्हायचे होते. पण नेमका त्याच दिवशी ड्रम वाजवणाऱ्या विल चँपियनच्या आईचा अंत्यविधी होता. तेव्हा क्रिस मार्टिन हा गायक तेवढा स्टडलँडच्या किनाऱ्यावर चालला. "म्हणजे बघ," माझा मित्र म्हणाला, "त्या चित्रात जे दिसत नाहीत, तेच त्यात जास्त आहेत." अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने असे वाक्य बोलावे आणि मराठीच्या विद्यार्थ्याने नुसते ऐकून घ्यावे, याची मला त्या वेळी थोडी लाजच वाटली.

दोघे पुण्यातच स्थायिक झालो. त्याचे घर बिबवेवाडीला, माझे कोथरूडला. लग्ने झाली, त्याला मुलगी झाली, मला मुलगा झाला. २०१६ च्या नोव्हेंबरात तो धापा टाकीत आला. "लेका, ते येताहेत! १९ तारखेला, वांद्रे-कुर्ला संकुलात. निघायचं."

वाचकांना तो नोव्हेंबर आठवत असेल. ८ तारखेला पाचशेच्या आणि हजाराच्या नोटा बाद झाल्या होत्या. माझ्या खिशात दोन हजारांची एकच गुलाबी नोट होती आणि तिची मोड देणारा माणूस अख्ख्या पुण्यात सापडत नव्हता. शिवाय परीक्षेचे पेपर तपासायचे होते. मी म्हटले, "आत्ता जरा अडचण आहे रे. तू जाऊन ये. पुढच्या वेळी नक्की."

तो गेला. त्या रात्री मी पेपरांच्या गठ्ठ्यात बुडालो असताना त्याचा फोन आला. कानाला लावला, तर नुसता समुद्रासारखा गोंगाट. "हॅलो, हॅलो" केले. "काही ऐकू येत नाही, उद्या बोलू," असे म्हणून फोन ठेवला आणि सातव्या पेपरातल्या अलंकाराच्या प्रश्नाकडे वळलो. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "अरे गाढवा, बोलायला नव्हता केला. 'यलो' ऐकवत होतो." मग हसला, आणि ए. आर. रहमान त्यांच्याबरोबर मंचावर कसे आले, ते तासभर सांगत बसला. मी पुन्हा म्हटले, "पुढच्या वेळी."

२०२१ च्या एप्रिलात, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, तो गेला. बारा दिवस रुग्णालयात होता. कुणाला आत जाता येत नव्हते आणि नंतरही कुणाला जाता आले नाही. वहिनींचा फोन आला तेव्हा मी स्वतः तापाने फणफणलो होतो. ताप उतरला. निर्बंध उठले. रस्ते मोकळे झाले, कॉलेजे भरली. कोथरूडाहून बिबवेवाडीला रिक्षाने पाऊण तास लागतो. ते अंतर मला साडेतीन वर्षांत कापता आले नाही. सुरुवातीला फोन केले, दिवाळीला फराळाचा डबा मुलाच्या हाती पाठवला. पण त्या दारात उभे राहून काय बोलायचे, हे मला सुचेना. दुसऱ्याचे शोकपर लेख भाषेच्या दृष्टीने तपासणारा मी माणूस. पण एका घराची घंटा वाजवायचे धैर्य माझ्यात नव्हते.

आणि २०२४ च्या सप्टेंबरात, एका शनिवारी रात्री, त्याच्या मुलीचा निरोप फोनवर आला: "काका, उद्या दुपारी १२ वाजता कोल्डप्लेची तिकिटं निघणार आहेत. बाबा असते तर गेले असते. तुम्ही याल?"

मी उत्तर लिहू लागलो. "बाळ, जानेवारीत जरा अडचण आहे, पुढच्या वेळी" इथपर्यंत लिहिले आणि बोट थांबले. ते शब्द मी फोनच्या पडद्यावर बराच वेळ पाहिले. मग एकेक अक्षर पुसले आणि लिहिले, "येतो."

दुसऱ्या दिवशी, २२ सप्टेंबरला, बाराच्या ठोक्याला मी संगणकासमोर बसलो. माझ्यापुढे रांगेत सात लाखांहून अधिक माणसे असल्याचे यंत्राने मला शांतपणे सांगितले. नोटाबंदीच्या रांगा पाहिलेला माणूस मी. पण ही रांग बघून खुर्चीतच चक्कर आली. सबंध देशातून त्या दिवशी कोटीच्या वर लोक ही तिकिटे मिळवायला धडपडत होते, असे नंतर वाचले. आमच्या कन्येला मात्र (तिला मी आता कन्याच म्हणतो) दोन तिकिटे मिळाली. आई मागून म्हणाली, "पितृपंधरवडा चालू आहे. नवी खरेदी करू नये रे या दिवसांत." मी म्हटले, "आई, ही त्याच खात्यातली आहे." तिला काय समजले कोण जाणे, पण पुढे काही बोलली नाही.

१८ जानेवारीला आम्ही दोघे शिवनेरीने नेरूळला उतरलो आणि लोकांच्या लोंढ्याबरोबर डी. वाय. पाटील स्टेडियमकडे चालू लागलो. खरे सांगायचे तर त्या गर्दीचा मला आधी राग आला. विशी-बाविशीतली हजारो मुले-मुली, गालांवर चमक्या लावलेल्या. मनात आले, तुम्ही जन्मला नव्हता तेव्हापासून हे गाणे माझे आहे. तुमचा इथे काय संबंध? चोवीस वर्षे गुप्त ठेवलेला ठेवा चव्हाट्यावर मांडलेला दिसावा, तसे झाले. दारात प्रत्येकाच्या मनगटावर एक पांढरा पट्टा बांधत होते. त्यात दिवे असतात आणि मंचावरून खूण झाली की सर्वांचे दिवे एकदम एका रंगात पेटतात. मी कन्येला म्हटले, "ही तर सामुदायिक राखीपौर्णिमाच!" ती प्रथमच हसली. हसताना अगदी बापासारखी दिसली. मी दुसरीकडे पाहिले.

आधी जसलीन रॉयल या गायिकेची गाणी झाली, आणि अंधार पडल्यावर ते चौघे आले. क्रिस मार्टिनने आमचे स्वागत चक्क मराठीत केले. उच्चार अडखळत होते. पण ज्या मेहनतीने तो एकेक शब्द काढत होता, ती मेहनत आमच्या प्रथम वर्षाच्या वर्गात क्वचितच दिसते. मी मनातल्या मनात त्याला दहापैकी सात गुण देऊन टाकले.

खुर्च्यांवर क्रमांक होते. पण बसले कुणीच नाही. मीही उभा राहिलो. सुरुवातीला कमरेने तक्रार केली, मग तीही गप्प झाली. आणि 'यलो' सुरू झाले.

पहिल्या सुरांबरोबर सारे स्टेडियम पिवळे झाले. चाळीस-पन्नास हजार मनगटे. समोरच्या सज्जापासून खाली मैदानापर्यंत पिवळ्या ठिपक्यांखेरीज काही दिसेना. ते सगळे गात होते. ज्या मुलांचा मला संध्याकाळी राग आला होता, ती शब्दनशब्द गात होती. डोळे मिटून, आपापल्या कुणासाठी तरी. माझे गाणे कुणी हिरावून घेतले नव्हते. ते एवढ्या घरांतून, एवढ्या भिंतींना टेकून, कुणी ना कुणी अर्धे अर्धे वाटून ऐकलेले होते. मी आजवर मोठ्याने गायलो नव्हतो. त्या दिवशी गायलो. माझ्या डाव्या बाजूला ती उभी होती.

तिने आईला फोन लावायचा प्रयत्न केला. एवढ्या गर्दीत तो लागणार कसा? दोनदा लावला, तीनदा लावला. "नाही लागत," ती म्हणाली आणि फोन खिशात ठेवला. तेव्हा मी तिला २०१६ च्या त्या फोनची हकीगत सांगितली. ओरडूनच सांगावी लागली. सांगून झाल्यावर मला वाटले, आता ही काय म्हणेल? ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "मला माहीत आहे. बाबा हसून सांगायचे सगळ्यांना. म्हणायचे, तुमचा काका पेपरातल्या अलंकारासाठी कोल्डप्लेचा फोन ठेवणारा एकमेव माणूस."

आठ वर्षे मी ज्याचे ओझे वाहिले, तो त्याच्या घरात विनोद होता!

पुढे एका गाण्यात मार्टिनने सर्वांना फोन खिशात ठेवायला सांगितले आणि ते खरोखरच ठेवले गेले. हीच विनंती मी रोज पहिल्या तासाला करतो, परिणाम शून्य. शेवटाकडे 'फिक्स यू' झाले. कन्या म्हणाली, "काका, हे गाणं त्यानं बायकोसाठी लिहिलं, तिचे बाबा गेले तेव्हा." एवढेच म्हणाली आणि पुढे पाहत राहिली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मराठीच्या प्राध्यापकाला या वेळीही शब्द सुचला नाही. पण या वेळी त्याची गरजही पडली नाही.

बाहेर पडताना ते मनगटी पट्टे परत द्यायचे होते. पुढच्या गावी ते पुन्हा वापरतात. बरेच जण आठवण म्हणून खिशात घालत होते. कन्या क्षणभर थबकली, पट्ट्याकडे पाहिले आणि तो पेटीत टाकला. "बाबांनी परत दिला असता," ती म्हणाली. मग मीही टाकला. माझा मात्र खिशात घालायचा विचार पक्का झाला होता, हेही कबूल करून टाकतो.

परतीच्या बसमध्ये ती झोपेला येत म्हणाली, "पुढच्या वेळी आपण आईलाही आणू."

"पुढच्या वेळचं राहू दे," मी म्हटले. "येत्या रविवारी मी येतो घरी. आईला सांग."

रविवारी गेलो. घंटा वाजवली. वहिनींनी दार उघडले आणि एवढेच म्हणाल्या, "भाऊजी, चहा टाकते." साडेतीन वर्षे मी ज्या प्रसंगाला भीत होतो, तो एवढाच होता. मी पिशवीतून ती जुनी कॅसेट काढली. वाडा सोडताना ती माझ्याच ट्रंकेत आली होती. कन्येने माळ्यावरून बापाचा टेपरेकॉर्डर खाली काढला, धूळ पुसली, कॅसेट घातली आणि बटण दाबले. दोन क्षण घरघर झाली आणि फीत अडकली.

"बिघडली?" ती घाबरून म्हणाली.

तिच्या पिढीला हे ठाऊक असण्याचे कारण नाही. वहिनी मात्र काही न विचारता उठल्या आणि आतून एक पेन्सिल घेऊन आल्या.