येत्या रविवारी क्रोशाची सुई हातात घ्या

येता रविवार घरासाठी मोकळा ठेवा. बाहेर जाणं नको, उरकायच्या कामांची यादी नको. सकाळी पोहे करा, दुपारी वरणभातावर भागवा. जेवणं झाल्यावर सगळे जिथे लोळत पडतात, तिथेच सतरंजीवर क्रोशाची सुई आणि दोऱ्याचा गुंडा घेऊन बसा. दार लावून वेगळ्या खोलीत मुळीच बसू नका. हात चालू ठेवून गप्पा मारता येतात, हे या कामाचं मोठं सुख आहे.

सुरुवात तोरणापासून करू नका. रुखवतातले नाजूक रुमाल पाहून बऱ्याच जणी बारीक दोरा आणि तशीच बारीक सुई आणतात, मग मान धरते आणि सुई कायमची कपाटात जाते. पहिल्यांदा ४ मिलिमीटरची सुई आणि जाड, गुळगुळीत सुती दोरा घ्या. रंग फिका असू द्या. गडद दोऱ्यात किंवा केसाळ लोकरीत नवख्याला टाकाच दिसत नाही.

करायचा आहे चहाच्या कपाखाली ठेवायचा चौकोन. सरकगाठ मारून १६ साखळ्या घाला. सुईजवळची एक साखळी सोडून पुढच्या साखळीत सुई घाला आणि दोरा ओढून घ्या. सुईवर दोन फास दिसतील. पुन्हा दोरा घेऊन तो दोन्हींतून एकदम बाहेर काढा. झाला एक टाका. ओळीत असे १५ बसतात. ओळ संपली की एक साखळी घाला, काम उलटवा, पुन्हा १५. दर ओळीला मोजाच. नवख्याचा चौकोन वर निमुळता होत जातो, कारण कडेचा टाका नकळत सुटत असतो.

चुकलं तर खुशाल उसवा. दोन सुयांच्या विणकामात कितीतरी टाके सुईवर उघडे असतात, एखादा निसटला तर खालपर्यंत सुटत जातो. क्रोशात सुईवर एकच फास उरतो. दोरा ओढा, हवं तिथे थांबा, पुन्हा सुरू करा. म्हणून मुलांच्या हाती हे काम निर्धास्त द्यावं, मुलग्यांच्याही. आजोबांनी सुई मागितली तर त्यांनाही द्या. मूल डावखुरं असेल तर त्याला शेजारी न बसवता समोर बसवा. आरशात पाहावं तसं तुमचं पाहून त्याचा हात बरोबर चालेल.

आणखी एक मनापासून सांगते. खरं क्रोशाकाम आजही हातानंच होतं. आंध्र प्रदेशातल्या नरसापूरच्या क्रोशा लेसला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ती लेस तिथल्या बायका घरी बसून विणतात. एक चौकोन स्वतः केलात की बाजारात अशा वस्तूचा भाव पाडून मागताना तुमची जीभ अडखळेल, आणि ती अडखळायलाच हवी.

चौकोन पुरा झाला की दोरा वीतभर सोडून कापा, ते टोक शेवटच्या फासातून ओढून घट्ट करा आणि शिवणाच्या सुईनं टाक्यांत लपवा. मग घरातल्या आजीला तिच्या पेटीतलं जुनं तोरण, बाळाचं टोपडं, देवाचं आसन बाहेर काढायला सांगा. टाके कसे मोजले ते विचारा आणि वहीत उतरवून घ्या. बहुतेक आज्यांचे नमुने कागदावर कुठेच नाहीत.