पान बघून वाढा

चिकोडी भागातील एका वाचक भगिनींनी विचारले आहे, 'मुलाने आमच्या मंडळाच्या नाटकांचे चित्रण घरबसल्या पाहता यावे म्हणून सर्व्हर उभा केला. चार-पाच जण असतील तोवर ठीक चालते. गर्दी झाली की मेमरी भरते आणि तो बंद पडतो. मंडळाकडे पैसे बेताचेच. तरी मेमरी वाढवून घ्यावी का?'

माझे उत्तर : आधी खर्च करू नका. असा दोष बहुधा वाढण्याच्या पद्धतीत असतो.

पंगतीत जाणता वाढपी पान बघून वाढतो. आपल्याकडे कुणी 'पुरे' म्हणते, कुणी 'साकु'. हात आडवा आला की तो थांबतो. सर्व्हरलाही हेच शिकवावे लागते. एक जीबीची फाइल डिस्कवरून काही सेकंदांत वाचून होते. पण ज्या आजोबांच्या मोबाइलला सेकंदाला एकच मेगाबिट वेग मिळतो, त्यांच्यापर्यंत ती पोचायला सव्वादोन तास लागतात. मधला माल राहणार कुठे? सर्व्हरच्या मेमरीत. असे १०० जण आले आणि प्रत्येकासाठी अख्खी फाइल मेमरीत घेतली, तर १०० जीबी हवेत. मेमरी संपली की लिनक्स जास्त मेमरी खाणारा प्रोग्राम बंद करते, आणि सगळ्यांचेच नाटक थांबते.

खरे तर 'साकु' म्हणायची सोय इंटरनेटमध्ये जुनीच आहे. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या टीसीपीच्या नियमांनुसार, घेणारा संगणक पोचपावतीबरोबरच आपल्याकडे किती जागा उरली आहे ते कळवतो. जागा शून्य झाली की पाठवणारा थांबतो. पण हा निरोप ऑपरेटिंग सिस्टिमला मिळतो. आपला प्रोग्राम तिकडे न बघता फाइल वाचतच राहिला, तर ढीग त्याच्याच मेमरीत साचतो.

मुलाने नोड डॉट जेएस वापरले असेल, तर त्याला एवढे सांगा. 'रीडफाइल'ने अख्खी फाइल मेमरीत येते. त्याऐवजी 'क्रिएट रीडस्ट्रीम' वापरावे. ते एका वेळी ६४ केबीचाच घास घेते. १०० जणांचे मिळून साडेसहा एमबीच्या आसपास. इतर जुळवाजुळवीला थोडी जास्त मेमरी लागेल, पण १०० जीबी नक्कीच नाही. पुढे पाठवताना 'राइट'चे उत्तर 'फॉल्स' आले, की तो 'साकु' समजावा. वाचन थांबवावे आणि 'ड्रेन'ची सूचना आली की पुन्हा सुरू करावे. 'पाइपलाइन' वापरली तर हे सारे आपोआप होते. कुणी जेवणातून मध्येच उठले, तर उघडलेली फाइलही तीच बंद करते.

दोन गोष्टी मात्र आपणच ठरवायच्या. काहीच न घेता जागा अडवून बसणाऱ्याला किती वेळ द्यायचा, याची मर्यादा घालावी. आणि प्रयोग थेट दाखवायचा असेल, तर रंगमंचावरचे नाटक कुणासाठी थांबवता येत नाही. तिथे मागे पडलेल्याची जुनी दृश्ये गाळावीत किंवा चित्राचा दर्जा उतरवावा; साठवत मात्र बसू नये.

एवढे करून पाहा. मंडळाचे पैसे वाचतील आणि संथ नेटवर्कवरच्या आजोबांनाही नाटक मिळेल, त्यांच्या सवडीने. त्यानंतरही मेमरी अपुरी वाटली, तर खुशाल वाढवा.