खेड्याचा आकडा आणि खेड्याची भाषा

शिरगणतीचे पुस्तक म्हणजे रुक्ष अंकांची जंत्री, असे पुष्कळांना वाटते. सीमाभागातील माणसाला तसे वाटून चालणार नाही. त्याचे गाव कोणत्या राज्यात असावे, या वादाच्या मुळाशी त्या गावात माणसे किती व त्यांची मातृभाषा कोणती, हाच हिशेब आहे.

२०११ च्या जनगणनेची जिल्हा-पुस्तिका उघडून पाहावी. खेड्यात घरे किती, स्त्री-पुरुष किती, लहान मुले किती, अनुसूचित जाती-जमातींचे लोक किती, साक्षर किती, शेतकरी व शेतमजूर किती, हे सारे तेथे गाववार नमूद आहे. मातृभाषेचा प्रसिद्ध तक्ता मात्र खेड्याची वेस ओलांडत नाही. तो तालुक्यापाशीच थांबतो. वास्तविक हा प्रश्न घरोघरी विचारला गेला होता. पत्रकात त्याचा क्रमांक दहावा होता. मग शेतमजुरांची संख्या गावागणिक छापणाऱ्या सरकारला भाषेचीच संख्या छापण्यास अडचण कोणती?

तालुक्याच्या बेरजेत खेडे बुडून जाते, म्हणून हा आग्रह. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, तेव्हा त्यातील चंदगड तालुका वगळून मुंबई राज्यात ठेवण्यात आला. अर्थात जिल्हा अभंग नव्हताच! पुढे आंध्र व मद्रास यांचा सीमातंटा पाटसकरांनी खेडे हा घटक धरून सोडविला आणि १९५९ च्या कायद्याने संसदेने त्यावर शिक्कामोर्तब केले. जो न्याय तेलुगू-तमिळ खेड्यांना, तोच मराठी-कन्नड खेड्यांना का नसावा?

मराठी घर दिसेल तेथे महाराष्ट्र, असा आमच्या मागणीचा उपहास काही जण करतात. उज्जयिनीत शिंदेशाहीपासून मराठी कुटुंबे नांदत आली आहेत. म्हणून तेथील माधवनगरावर कोणी हक्क सांगू लागला, तर आम्हीच त्याला वेडा म्हणू. बहुसंख्येला भौगोलिक सलगतेची जोड हवी. महाराष्ट्राच्या हद्दीला लागून असलेले मराठी खेडे आणि माळव्यातील मराठी वस्ती यांतील हा भेद आम्ही कधीच नाकारलेला नाही.

२०२१ ची जनगणना झाली नाही. पुढील जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भदिन जून २०२५ मध्ये मुक्रर झाला. त्या मोजणीनंतर मातृभाषेचे आकडे गाववार प्रसिद्ध झालेच पाहिजेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. १९४८ च्या जनगणना कायद्याने व्यक्तीची माहिती गुप्त ठेवली आहे. गावाच्या बेरजेने त्या गुप्ततेस बाध येण्याचे कारण नाही.

सीमाबांधवांचेही एक कर्तव्य आहे. मुले कन्नड शाळेत जातात, बाजारात कन्नड बोलावे लागते, म्हणून मातृभाषा बदलत नाही. बालपणी आई ज्या भाषेत आपल्याशी बोलली, ती मातृभाषा, अशी जनगणनेचीच व्याख्या आहे. तीच निर्भयपणे सांगावी व पत्रकात बरोबर नोंदली गेली की नाही, हे पाहावे. आणि गावात चार घरे कन्नड असतील, तर तीही कन्नड म्हणूनच लिहिली जावीत. खऱ्या आकड्याचे भय आम्हांस नाही. ज्यांना असेल, त्यांनी ते उघड बोलावे!