हारतुऱ्यांनंतरचे स्वागत

हिंगोली जिल्ह्यातील कुरुंदा हे गाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते मुख्यत: एका आडनावामुळे. नरहर कुरुंदकर यांच्या घराण्याचे हे गाव. त्यांच्या सर्वच मतांशी सहमत होणे शक्य नसले, तरी हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे त्यांनी केलेले विवेचन टाळून मराठवाड्याचा इतिहास समजून घेता येत नाही. तो संग्राम म्हटला की सत्याग्रह, सशस्त्र प्रतिकार आणि १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या काळातील पोलीस कारवाई आठवते. त्या इतिहासाचे आणखी एक पान मात्र फारसे उलगडले जात नाही. ते पान आहे निर्वासितांचे.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी उर्वरित देश स्वतंत्र झाला, तेव्हा कुरुंदा, वसमत, हिंगोली हा सारा प्रदेश निजामाच्या ताब्यातील परभणी जिल्ह्यात होता. लातूरला वकिली केलेल्या कासिम रझवीच्या रझाकार संघटनेने पुढचे तेरा महिने मराठवाड्याच्या गावोगावी जो धुमाकूळ घातला, त्यामुळे असंख्य कुटुंबांनी रातोरात घर सोडले. कोणी बार्शी-सोलापूर गाठले, कोणी अहमदनगर, तर कोणी पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात शिरले. अंगावरचे कपडे, एखादे गाठोडे आणि कडेवरचे मूल एवढ्यानिशी गेलेल्या या माणसांना तिकडच्या लोकांनी ओसरी दिली आणि ताटातला घास दिला. हे लोक परत कधी जाणार, असा हिशेब मांडून ती दारे उघडली गेली नव्हती. आज मराठवाड्यात जी घरे सुखाने नांदत आहेत, त्यांतील अनेक घरांच्या मागच्या पिढ्या कोणाच्या तरी आश्रयाने तगल्या, हे विसरता कामा नये.

आश्रिताला जवळ करण्याची ही परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. दुसऱ्या महायुद्धात मायभूमीला पारखे झालेले सुमारे पाच हजार पोलिश नागरिक १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे राहिले. त्यांच्यात स्त्रिया आणि मुले अधिक होती. त्यांच्यासाठी तेथे शाळा, दवाखाना आणि प्रार्थनामंदिर उभे राहिले. त्यांचा धर्म निराळा, भाषा निराळी. तरी त्या पाच वर्षांची कृतज्ञता पोलंडने पिढ्यान्‌पिढ्या जपली. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये वॉर्सा येथील कोल्हापूर स्मारकापुढे पुष्पचक्र अर्पण केले, ते याच ऋणानुबंधाच्या स्मरणार्थ. पोलिश कुटुंबे गेल्यानंतर त्याच वळिवड्याच्या परिसरात सिंधमधून आलेल्या हिंदूंची वसाहत उभी राहिली. आजचे गांधीनगर ते हेच.

कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत आलेल्या सिंधी बांधवांची संख्या तर लाखाच्या घरात होती. ऑगस्ट १९४९ मध्ये त्या छावण्यांचे उल्हासनगर झाले. बराकीत पडदे लावून संसार मांडणाऱ्या या लोकांनी लोकलगाडीत गोळ्या-बिस्किटे विकली, पण भिकेसाठी हात पसरला नाही. पंजाबातून आलेल्यांना ‘शरणार्थी’ऐवजी ‘पुरुषार्थी’ म्हणावे, असा आग्रह त्या काळी धरला गेला, तो यथार्थच होता. मात्र आपल्या मध्यमवर्गाने या पुरुषार्थाचे कौतुक केले की उल्हासनगरच्या मालाची टिंगल करण्यातच धन्यता मानली, याचे उत्तर ज्याचे त्याने स्वत:शी द्यावे. ‘निर्वासित’ हा शब्द मराठीत कित्येक वर्षे शिवीसारखा वापरला गेला, ही काही अभिमानाने सांगण्याजोगी गोष्ट नाही.

फाळणीच्या वणव्यात पंजाबात आणि पुढे १९५० मध्ये पूर्व बंगालमधून लोंढे आले तेव्हा वास्तुहारा सहायता समितीच्या माध्यमातून बंगालमध्ये, संघाच्या स्वयंसेवकांनी केलेले काम सर्वश्रुत आहे. छावणीत अन्न शिजवणे, ताटातूट झालेल्यांचा शोध घेणे, रुग्णांची शुश्रूषा करणे ही कामे त्यांनी केली. तो वारसा सांगताना ऊर भरून येतो. परंतु वारसा चालवायचा असतो. त्याची केवळ उजळणी करून भागत नाही.

उदाहरण दूरचे नाही. १९६० च्या दशकात पूर्व बंगालमधून आलेली हिंदू कुटुंबे तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यात वसवण्यात आली. आज गडचिरोली जिल्ह्यात असलेल्या मुलचेरा, चामोर्शी या भागांत त्यांची गावे आहेत. जंगल तोडून त्यांनी भातशेती केली, तळी खोदली, मासे पाळले. त्यांच्यात बहुसंख्य असलेला नमोशूद्र समाज पश्चिम बंगालमध्ये अनुसूचित जातींत मोडतो. महाराष्ट्रात आल्यावर मात्र त्याच समाजाच्या मुलांना त्या सवलतींसाठी वर्षानुवर्षे मागणी करीत राहावे लागले. जमिनीच्या मालकी हक्काचे प्रश्नही असेच दीर्घकाळ रेंगाळले. सरकारने जमीन दिली आणि घर दिले. पण कागद घेऊन तहसील कचेरीत त्यांच्याबरोबर जाणारा, त्यांची अडचण मराठीत मांडून देणारा शेजारी त्यांना किती वेळा भेटला?

नेमक्या याच ठिकाणी समाजातील सेवासंस्थांचे काम सुरू होते. आज तालुक्याच्या गावीही रोटरी, लायन्ससारखे क्लब आहेत. डॉक्टर, वकील, व्यापारी, प्राध्यापक अशी कर्ती मंडळी त्यांत असतात. रक्तदान आणि नेत्रशिबिरे ती निष्ठेने भरवतात. कॅनडात अशाच मंडळींनी एक वेगळी वाट पाडली. पाच किंवा अधिक नागरिकांनी एकत्र येऊन एका निर्वासित कुटुंबाची साधारण वर्षभराची जबाबदारी घेण्याची तरतूद तेथील कायद्याने केली. १९७९ नंतर व्हिएतनाम, लाओस, कंबोडियातून निसटलेल्या हजारो कुटुंबांचा भार तेथील चर्च, मित्रमंडळे आणि सेवा क्लब यांनी याच पद्धतीने उचलला. घर शोधणे, मुलाला शाळेत घालणे, बाजाराची वाट दाखवणे, नोकरीसाठी शब्द टाकणे असे त्या कामाचे स्वरूप असते. त्यात भाषणाला वाव नाही आणि छायाचित्रालाही फारसा नाही. म्हणूनच ते अवघड आहे.

भारतात अशा कामाची गरज आज अधिक आहे. डिसेंबर २०१९ मध्ये नागरिकत्व सुधारणा कायदा संमत झाला आणि ११ मार्च २०२४ रोजी त्याचे नियम अधिसूचित झाले. पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तान येथून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती बांधवांसाठी नागरिकत्वाचे दार उघडले. धर्मामुळे छळ सोसून आलेला आश्रित आणि लपूनछपून सीमा ओलांडणारा घुसखोर यांत फरक करणे हा कोणत्याही सार्वभौम राष्ट्राचा अधिकार आहे, आणि तो फरक केल्याखेरीज खऱ्या आश्रिताला न्याय मिळत नाही. हा फरक ठरवण्याचे काम मात्र कायद्याचे आणि शासनाचे आहे, गल्लीतल्या संशयाचे नव्हे.

पण दार उघडले म्हणजे माणूस आत आला, असे होत नाही. सिंधमधून दीर्घ मुदतीच्या व्हिसावर आलेल्या कुटुंबाला अर्ज संगणकावर भरायचा असतो, जुनी कागदपत्रे शोधायची असतात, शपथपत्र करायचे असते. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हत्याकांडानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले. दीर्घ मुदतीच्या व्हिसावरील हिंदूंना तो निर्णय लागू नाही, हे शासनाने स्पष्ट केले. तरीही मधल्या काळात अनेक घरांत चूल पेटताना हात थरथरले असतील. अशा वेळी शेजारच्या वकिलाने दार ठोठावून ‘घाबरू नका’ एवढे सांगितले, तरी ते हजार ठरावांहून मोलाचे असते.

आश्रित कुटुंबाला वर्षातून एकदा व्यासपीठावर बोलावून शाल-श्रीफळ देणे सोपे आहे. त्याच कुटुंबाला भाड्याने खोली देणे, त्याच्या मुलाला आपल्या मुलाशेजारी बसवणे, त्याच्या मुलीच्या लग्नात घरचे माणूस म्हणून उभे राहणे ही खरी परीक्षा आहे. हिंदू समाज एक आहे, हे वाक्य सभेत सिद्ध होत नाही. ते वाड्यात, चाळीत आणि पंक्तीत सिद्ध व्हावे लागते. पंक्तीत आलेल्याला त्याची जात विचारली गेली, तर सीमेवर उघडलेले दार आपणच पुन्हा लावून घेतले असे होईल.

प्रत्येक १७ सप्टेंबरला मराठवाड्यात ध्वज फडकतो, हुतात्म्यांना वंदन होते. ते व्हायलाच हवे. त्या दिवशी प्रत्येक सेवासंस्थेने आणि शाखेने एका कुटुंबाची वर्षभराची जबाबदारी घेण्याचा संकल्प सोडला, तर ते वंदन अधिक अर्थपूर्ण ठरेल. ते कुटुंब गावात नसेल तर नागपूरला असेल, मुलचेऱ्याला असेल. पैनगंगेपलीकडच्या ज्या ओसऱ्यांनी १९४८ मध्ये मराठवाड्याला आसरा दिला, त्यांचे ऋण परत त्याच ओसरीवर फेडता येणार नाही. ते आज दाराशी आलेल्या माणसापाशीच फेडायचे आहे.