विद्यापीठाचा संगणक आणि तालुक्याचा विद्यार्थी

२०१७ च्या उन्हाळी परीक्षांपासून मुंबई विद्यापीठाने सर्व विद्याशाखांच्या उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचे ठरविले. त्यानंतर जे घडले ते विद्यार्थी व पालक यांच्या स्मरणातून गेलेले नसेल. सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका होत्या, कंत्राट परीक्षांच्या तोंडावर दिले गेले होते आणि पद्धत बहुसंख्य प्राध्यापकांना अपरिचित होती. परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत निकाल लावावा, असे २०१६ चा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा सांगतो. कुलपतींनी ३१ जुलैची मुदत घालून दिली, तीही टळली. निकाल पूर्ण होईतो सप्टेंबर उजाडला आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले.

या प्रकरणाची चर्चा मुख्यतः व्यक्तींच्या दोषांभोवती फिरली. दोष होतेच, परंतु व्यक्ती बदलल्या म्हणजे प्रश्न सुटतो असे नाही. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर आपल्या संस्था संगणकावरील खर्च हा केवळ भांडवली खर्च समजतात. यंत्र आले, प्रणाली आली, उद्घाटन झाले की काम संपले! वस्तुतः खरा खर्च तेथून सुरू होतो. शिक्षकांना शिकविणे, माहिती अचूक भरणे, चूक झाल्यास ती दुरुस्त करणे, अडलेल्यास वेळेवर उत्तर देणे हा सारा आवर्ती खर्च आहे आणि तो यंत्रांवर नव्हे, माणसांवर करावा लागतो.

हा खर्च संस्थेने केला नाही म्हणून तो नाहीसा होत नाही. दुसऱ्या कोणाच्या तरी माथी बसतो. माळशेज घाटाच्या पायथ्याशी असलेल्या एखाद्या वाडीतील विद्यार्थ्याचे उदाहरण घ्या. परीक्षेचा अर्ज भरण्यासाठी तो एस. टी. ने मुरबाडला येतो. अखेरचा दिवस असल्याने संकेतस्थळ उघडत नाही. दुकानदाराला पैसे मोजावे लागतात, मजुरीचा दिवस बुडतो आणि कदाचित विलंबशुल्कही भरावे लागते. नावात चूक राहिली आणि दुरुस्तीसाठी कलिन्याला जाण्याची वेळ आली, तर मुरबाडला रेल्वे नसल्यामुळे आधी कल्याण गाठायचे, मग लोकलने कुर्ला, तेथून पुढे परीक्षा भवन. शहापूरच्या विद्यार्थ्याला निदान आसनगाव स्थानक जवळ आहे एवढेच. महाविद्यालयात विचारावे, तर तेथे हे काम बहुधा आधीच कामाने वाकलेल्या लिपिकाच्या गळ्यात पडलेले असते. विद्यापीठाच्या हिशेबात जी बचत दिसते, ती या विद्यार्थ्याच्या खिशातून झालेली असते.

यावर कागदाकडे परत जाणे हा उपाय नव्हे. गुणांच्या बेरजेतील चुका टाळणे, छायाप्रत लवकर देणे, गुणपत्रिका सुरक्षित ठेवणे ही कामे संगणक निश्चितच चांगली करतो. शिवाय परतीचा मार्ग आता उरलेलाही नाही. २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत नव्या शैक्षणिक धोरणाचा अभ्यासक्रम सुरू झाला असून विद्यार्थ्याने मिळविलेली श्रेयांके राष्ट्रीय श्रेयांकपेढीतील त्याच्या खात्यावर जमा व्हावयाची आहेत. पूर्वीची चूक एका गुणपत्रिकेपुरती असे. आता नावातील एका अक्षराचा फरकदेखील वर्षानुवर्षे त्रास देऊ शकेल.

ग्रामीण भागात अशी सेवा टिकणारच नाही, हा समज चुकीचा आहे. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने सुरू केलेला एमएस-सीआयटी अभ्यासक्रम तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचला, कारण शिकविणारा माणूस स्थानिक होता, भाषा मराठी होती आणि त्या माणसाला त्याच्या कामाचा मोबदला मिळत होता. हाच धडा विद्यापीठानेही घ्यावयास हवा.

त्यासाठी तीन गोष्टी तातडीने करता येतील. पहिली, प्रत्येक तालुक्यातील महाविद्यालयांनी मिळून एक पूर्णवेळ संगणक-साहाय्यक नेमावा. समजा, तालुक्यात २,००० विद्यार्थी आहेत आणि परीक्षाशुल्कातून प्रत्येकामागे सत्राला ६० रुपये बाजूला काढले, तर वर्षाला २ लाख ४० हजार, म्हणजेच दरमहा २० हजार रुपये उभे राहतात. कलिन्याच्या एका खेपेत विद्यार्थ्याची जेवढी रक्कम आणि मजुरी जाते, तिच्याशी हे ६० रुपये ताडून पाहावेत. दुसरी, प्रणाली जितके दिवस बंद राहील तितके दिवस मुदत आपोआप वाढावी. विलंबशुल्क घेऊ नये. तिसरी, प्रत्येक तक्रारीला क्रमांक आणि निराकरणाची तारीख मिळावी. ठाणे व कल्याण येथे विद्यापीठाची उपकेंद्रे आहेत. दुरुस्तीचे पूर्ण अधिकार तेथे द्यावेत आणि सर्व सूचना मराठीतही असाव्यात.

शहापूर तालुक्यातील भातसा व तानसा धरणांचे पाणी जलवाहिन्यांतून मुंबईला जाते आणि त्याच तालुक्यातील पाड्यांवरच्या बायाबापड्या उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत उभ्या असतात. तेथे उणीव पाण्याची नाही, ते घरापर्यंत आणणाऱ्या व्यवस्थेची आहे. संगणकाच्या बाबतीत ही व्यवस्था उभारणे त्या मानाने फारच स्वस्त आहे. पुढच्या परीक्षेचे अर्ज सुटण्यापूर्वी निदान या दोन तालुक्यांत तिचा प्रयोग करून पाहण्यास विद्यापीठाला काय अडचण आहे, हे त्याच्या अधिकार मंडळांनी सांगावे.